गंधार कुठे ठेवायचा

रिचर्ड डेव्हिड जेम्स मुलाखती क्वचितच देतो, आणि दिल्या तरी त्यातलं किती खरं मानायचं हे ऐकणाऱ्यावर सोडतो. मी झोपेत, स्वप्नात संगीत रचतो. लंडनमधल्या एका जुन्या बँकेच्या इमारतीत राहतो. माझ्याकडे लष्कराची चिलखती गाडी आहे, अशा कितीतरी गोष्टी त्याने १९९० च्या दशकात पत्रकारांना सांगितल्या. काही खऱ्या निघाल्या, काहींचा छडा लागला नाही. एफेक्स ट्विन या नावाने जग ओळखतं तो हा माणूस. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर त्याच्याइतका खोल ठसा फार थोड्यांनी उमटवला असेल. आणि तरी त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असं थोडंच आहे.

पण २०१७ साली तो एकदा मनापासून, तपशिलात शिरून बोलला. समोर पत्रकार नव्हता. समोर होता तात्सुया ताकाहाशी, कोर्ग या जपानी कंपनीत सिंथेसायझर तयार करणारा अभियंता. ताकाहाशी तिथलं काम सोडत होता आणि त्या निमित्ताने दोघांच्या गप्पा प्रसिद्ध झाल्या. प्रसिद्धी, पैसा, चाहते यांना त्यात फारशी जागा नाही. बोलणं बरंचसं एकाच गोष्टीभोवती फिरतं: यंत्रातले स्वर नेमक्या कोणत्या जागी असावेत, आणि त्या जागा आधीच कुणीतरी ठरवून का ठेवाव्यात.

मी मिरजेत वाढलो. हे संभाषण वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आपल्या गल्लीतलं बोलणं आहे. सतारमेकर गल्लीतल्या दुकानाच्या पायरीवर बसून असले वाद मी लहानपणापासून ऐकत आलो. फक्त तिथे कोर्ग कंपनीच्या जागी भोपळा असे आणि अभियंत्याच्या जागी कानस घेऊन बसलेला कारागीर.

जेम्सच्या एकांताबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मला पटत नाही. तो लाजाळू आहे, विक्षिप्त आहे, गूढ राहून नाव कमावणारा आहे, असे निष्कर्ष त्यात असतात. मला वाटतं तो मुळात कारागीर आहे. वाद्य घडवणाऱ्या माणसाचा स्वभाव त्याच्याकडे आहे आणि गाणाऱ्याचं व्यासपीठ त्याच्या वाट्याला आलं. मैफलीत तंबोऱ्यांची जोडी कुणी घडवली हे निवेदक कधी सांगत नाही. घडवणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही, कारण त्याचं काम दुकानातून वाद्य बाहेर पडलं तेव्हाच झालेलं असतं. जेम्सचं सगळं आयुष्य मला या बाजूने पाहिलं की सरळ दिसतं.

त्याचा जन्म १८ ऑगस्ट १९७१ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. आई-वडील वेल्सचे. तो वाढला कॉर्नवॉलमध्ये, लॅनर नावाच्या गावात. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैर्ऋत्येचं टोक. कथिलाच्या खाणींचा प्रदेश, लंडनपासून लांब, स्वतःची जुनी भाषा असलेला. पुढे २००१ च्या अल्बममध्ये त्याने अनेक रचनांना त्या कॉर्निश भाषेतली नावं दिली, जी इंग्रजी वाचकालाही उच्चारता येत नाहीत. घरी पियानो होता. तो वाजवायच्या आधी आपण त्याच्या पोटात हात घालून तारांशी खेळायचो, असं त्याने सांगितलं आहे. या एका गोष्टीवर माझा पूर्ण विश्वास बसतो. पुढचं सगळं तिच्यातून उगवल्यासारखं आहे. दिलेली पट्टी दाबण्यापेक्षा झाकण उघडून आत काय चाललंय हे बघण्याकडे या मुलाची ओढ होती.

त्याने पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकायला सुरुवात केली, पण तोवर संगीत पुढे निघून गेलं होतं. १९९१ मध्ये एक्झीटरच्या एका छोट्या लेबलवर पहिली रेकॉर्ड आली. त्याच वर्षी ग्रँट विल्सन-क्लॅरिज या मित्राबरोबर त्याने रेफ्लेक्स हे स्वतःचं लेबल काढलं. मग १९९२ मध्ये 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५–९२'. शीर्षकातले आकडे खरे धरले, तर सर्वात जुनं काम त्याच्या चौदाव्या वर्षाच्या आसपासचं ठरतं. मूळ ध्वनिमुद्रण साध्या कॅसेटवर केलेलं, त्यामुळे अल्बमभर एक बारीक खरखर आहे. आमच्या घरी आत्याने आकाशवाणी सांगलीवरून टेप केलेल्या मैफलींच्या कॅसेट होत्या, त्यांत असायची तशीच. ती खरखर काढून टाकावी असं मला कधी वाटलं नाही. ताल सरळ, नाचण्याजोगा. पण त्याच्यावर जे लांब स्वर पसरलेले आहेत ते घाईत नाहीत. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने इतकं थांबून राहणं कुठून आणलं, हा प्रश्न मला आजही पडतो.

हा अल्बम मला माझ्या भाच्याने ऐकवला. तो पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो. सुट्टीला आला की माझ्या कानात काहीतरी नवं घालून जातो. "मामा, डोळे मिट आणि तंबोरा लागलाय असं समजून ऐक," एवढंच तो म्हणाला. त्याचा सल्ला योग्य होता.

दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, दुसरा भाग आला. त्यात ताल जवळजवळ नाहीच. रचनांना नावंही नाहीत, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर. नावाच्या जागी छायाचित्रं: गंजलेला पत्रा, कापडाचा पोत, पृष्ठभागांचे तुकडे. श्रोत्यांनी आपल्या सोयीसाठी मग त्यांनाच नावं पाडली. हा अल्बम अडीच तासांचा आहे आणि पहिल्यांदा ऐकताना त्यात काहीच घडत नाही असं वाटू शकतं. स्वर एकमेकांशी किंचित न जुळणारे, जरा अलीकडे-पलीकडे ठेवलेले. कान बारा पट्ट्यांच्या हार्मोनियमवर घडलेला असेल तर हे बेसूर वाटेल. मला ते बेसूर वाटलं नाही. कुणीतरी मुद्दाम, ऐकून ऐकून ठेवलंय असं वाटलं. तो अंदाज चुकला नव्हता हे पुढे त्याच्या त्या ताकाहाशीबरोबरच्या गप्पांत कळलं. स्वर हलवण्याचा नाद त्याला अगदी सुरुवातीपासूनचा.

१९९५ मध्ये एका इंग्रजी संगीतविषयक नियतकालिकाने एक प्रयोग केला. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे जर्मन आद्य आचार्य. त्यांना काही तरुण संगीतकारांच्या फिती ऐकवल्या आणि मत विचारलं. त्यांत जेम्सही होता. स्टॉकहाउझेन यांचा आक्षेप पुनरावृत्तीवर होता. हा तरुण तेच तेच फिरवत राहतो, त्याने हे सोडावं, लय बदलती ठेवावी, माझी अमुक रचना ऐकावी, असा सल्ला त्यांनी दिला. जेम्सचं उत्तर थोडक्यात असं, की त्यांनीच माझी एक रचना ऐकावी, म्हणजे ज्यावर नाचता येत नाही असले विस्कळीत आकृतिबंध ते करणार नाहीत.

हा किस्सा नेहमी म्हातारा विरुद्ध तरुण असा सांगितला जातो. मला त्यात वेगळं काही दिसतं, आणि इथे मी ठामपणे जेम्सच्या बाजूचा आहे. पुनरावृत्ती म्हणजे कल्पनेचं दारिद्र्य, ही समजूत ज्या संगीतातून आली त्यात तंबोरा नाही. आमच्याकडे चार तारा संध्याकाळभर त्याच क्रमाने छेडल्या जातात: पंचम, जोड, जोड, खर्ज. पुन्हा पंचम. कुणी म्हणत नाही की आता जरा बदला. कारण त्या पुनरावृत्तीतूनच कान हळूहळू उघडतो. पहिली पाच मिनिटं तुम्हाला चार तारा ऐकू येतात. मग खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार, म्हणजे 'ग', वर येऊ लागतो, जो कुणी छेडलेलाच नाही. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेतच असतो, पाचव्या अंशस्वराच्या रूपाने; अंशस्वर म्हणजे मूळ स्वराबरोबर तारेतून आपोआप निघणारे वरचे स्वर. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला आणि जवारी, म्हणजे घोडीचा घासून केलेला उतार, नीट लागली की तो प्रकट होतो. तेच ते छेडलं नसतं तर तो ऐकूच आला नसता. जेम्सच्या त्या अडीच तासांच्या अल्बमचं काम याच मार्गाने चालतं असं मला वाटतं. एक छोटी आकृती फिरत राहते, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तिच्यातून असं काही वर येतं जे सुरुवातीला तिथे नव्हतं, किंवा होतं पण आपल्याला ऐकायला वेळ लागला.

त्याच वर्षी फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराने जेम्सच्या एका रचनेचं वाद्यवृंदासाठी रूपांतर केलं. ग्लास यांनी १९६० च्या दशकात रविशंकरांबरोबर काम केलं होतं आणि आपल्याकडच्या लयीच्या हिशेबाने त्यांची सगळी दिशाच बदलली होती. म्हणजे पुनरावृत्तीचं मोल कळणारा एक माणूस तरी त्याला त्या वर्षी भेटला.

पुढची काही वर्षं मी भरभर सांगतो, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय आणि मला ती सगळ्यात कमी जवळची वाटतात. १९९७ आणि १९९९ मध्ये क्रिस कनिंगहॅम या दिग्दर्शकाबरोबर केलेले दोन व्हिडिओ गाजले. त्यांत जेम्सचा स्वतःचा हसरा चेहरा मुलांच्या, बायकांच्या अंगावर चढवलेला. अल्बमच्या वेष्टनांवरही तोच विकट चेहरा. एका रचनेच्या ध्वनिलहरींचं चित्र काढलं तर त्यातही चेहरा उमटतो, इतकी ही गंमत पुढे गेली. लपून राहणाऱ्या माणसाने आपला चेहरा सगळीकडे चिकटवावा हे विसंगत वाटतं. पण मुखवटा स्वतःच्याच चेहऱ्याचा केला की खरा चेहरा कुणी शोधत नाही. टोपणनावांचंही तसंच. एएफएक्स, पॉलिगॉन विंडो, कॉस्टिक विंडो, पॉवर-पिल, द टस. हे सगळे तोच. कारागीर एका नावाला बांधून घेत नाही. वाद्य चांगलं वाजलं की त्याचं भागतं.

मला प्रिय आहे तो २००१ चा 'ड्रकक्स'. दोन तबकड्या, तीस रचना. त्यातल्या निम्म्या इतक्या वेगवान आणि दाट की कान थकतो. त्यांच्या मधेमधे पियानोच्या छोट्या रचना आहेत. आणि त्या पियानोवर कुणाची बोटं नाहीत. यामाहा कंपनीचा डिस्क्लाव्हियर नावाचा पियानो असतो. तो खरा, तारा-हातोड्यांचाच पियानो, पण संगणकाकडून आलेल्या सूचनांवर स्वतःच्या स्वतः वाजतो. त्यातली दोन मिनिटांची एक रचना एव्हाना जगभर पसरली आहे. तिचं नाव एप्रिल महिन्यातल्या चौदाव्या तारखेचं. ज्यांनी एफेक्स ट्विन हे नाव ऐकलेलं नाही त्यांनीही ती कुठेतरी ऐकलेली असते. ध्वनिमुद्रणात पियानोच्या आतल्या यंत्राची लाकडी खटखट स्पष्ट येते, आणि ती काढलेली नाही. लहानपणी पियानोच्या पोटात हात घालणारा मुलगा तिथे मला दिसतो. बाहेर वादक नाही, आतली यंत्रणा आहे आणि ती ऐकू यावी अशी त्याची इच्छा आहे. ही रचना ऐकून माझ्या आत्याने विचारलं होतं, "कोण वाजवतंय रे?" कुणीच नाही म्हटल्यावर तिने ती परत लावायला सांगितली.

२०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात त्याने असाच एक स्वयंचलित पियानो वर टांगून झोक्यासारखा हलवत वाजवला. पियानो श्रोत्यांकडे येताना स्वर किंचित चढतात, लांब जाताना किंचित उतरतात. रेल्वेचा हॉर्न जवळ येताना आणि लांब जाताना बदलतो त्याच नियमाने. लोकांनी याला तमाशा म्हटलं. मी ते सूर हलवण्याचंच काम मानतो. पियानोची तार ताणून जे साधणार नाही ते त्याने अख्खा पियानो हलवून साधलं.

दरम्यान २००५ पर्यंत त्याने जुन्या ॲनलॉग यंत्रांवर केलेल्या अकरा रेकॉर्डची मालिका पुरी केली आणि मग एफेक्स ट्विन हे नाव जवळजवळ दहा वर्षं गप्प राहिलं. या काळात तो लंडन सोडून स्कॉटलंडमध्ये राहायला गेला. संसार, मुलं, आणि खोलीभर यंत्रं. ऑगस्ट २०१४ मध्ये लंडनच्या आकाशात एक पोपटी रंगाचं विमानफुग्याचं धूड तरंगलं, त्यावर त्याचं चिन्ह होतं. सप्टेंबरमध्ये 'सायरो' आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. मला मात्र त्याच्या वेष्टनाचं अप्रूप आहे. त्यावर चेहरा नाही. तिथे छापला आहे तो खर्चाचा तपशील: ही तबकडी तुमच्यापर्यंत यायला कशाकशावर किती खर्च झाला. आत वापरलेल्या यंत्रांची लांबलचक यादी. एखाद्या कारागिराने गिऱ्हाइकासमोर लाकूड किती, तारा किती, मजुरी किती असा सगळा हिशेब मांडून ठेवावा तसं ते आहे. यापेक्षा मोकळी मुलाखत त्याने कुठे दिली असेल असं मला वाटत नाही.

२०१५ मध्ये तर त्याने इंटरनेटवर एका अनाम खात्यावरून दोनशेहून अधिक जुन्या रचना फुकट सोडल्या. वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं काम. २०२२ मध्ये डेव्ह ग्रिफिथ्स या प्रोग्रामरबरोबर केलेलं सॅम्पलब्रेन हे सॉफ्टवेअर, तेही फुकट. एका ध्वनीचे बारीक तुकडे करून त्यांतून दुसरा ध्वनी बांधायचं ते साधन आहे. गाणं देऊन झालं, आता हत्यारंही घ्या, असं त्याचं चाललंय.

आता गंधाराकडे येतो. जेम्स आणि मिरज-सांगली यांची गाठ पडते ती इथे, आणि हेच सांगायला मी बसलो.

पाश्चात्त्य वाद्यांतला वरचा 'ए' सेकंदाला ४४० कंपनांवर असावा, असं १९३९ मध्ये लंडनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं. त्यावरून बाकीचे स्वर मोजायचे तर सप्तकाचे बारा समान भाग करतात. प्रत्येक भाग शंभर सेंटचा; सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. हिशेब सोपा, कुठल्याही पट्टीत गाणं नेता येतं, कारखान्यात वाद्यं बनवणं सोयीचं. पण निसर्गाचा गंधार या मापात बसत नाही. षड्ज, म्हणजे 'सा', २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून आपोआप येणाऱ्या गंधाराची जागा बरोबर ३०० आहे. समान भागांच्या हिशेबाने तो येतो ३०२.४ वर. फरक चौदा सेंट. आकडा लहान वाटतो, पण तंबोऱ्यासमोर हार्मोनियमचा गंधार धरून ठेवला की दोन्ही एकमेकांवर घासतात आणि ते घासणं सरळ ऐकू येतं. आमच्या लहानपणी गुरुजी पेटीच्या गंधारावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हा ऐकायचा नाही, तंबोऱ्यातला ऐकायचा." ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्ण उठली नाही. त्या बंदीमागे इतरही कारणं होती, पण हे घासणं त्यात होतंच.

त्याआधी सांगलीत एक माणूस या प्रश्नाने झपाटला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. गाणाऱ्यांचे स्वर ऐकायचे, त्यांची कंपनं मोजायची आणि बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांचा, हिशेब लावायचा, हा त्यांचा उद्योग. १९१० साली त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांना ज्यांच्या गळ्याचा आधार मिळाला ते अब्दुल करीम खाँ. किराण्याहून आलेले खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना एका छोट्या रेल्वे स्टेशनावर त्यांनी देह ठेवला आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. उरुसात अजून तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. देवलांबरोबर अर्नेस्ट क्लेमेंट्स हा ब्रिटिश सनदी अधिकारी होता. दोघांनी मिळून श्रुतींप्रमाणे स्वर लावलेली हार्मोनियम लंडनमध्ये बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली तेव्हा तिच्यावरून मोठी वादावादी झाली. पंडितांना ती पटली नाही, आणि पेटी मागे पडली.

देवलांचं नाव आज सांगलीत तरी किती जणांना ठाऊक आहे? कारखान्याने ठरवलेल्या स्वरांना नकार देऊन कानाने ऐकलेली जागा यंत्रात आणायची, हे काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. शंभर वर्षांनी कॉर्नवॉलचा एक मुलगा नेमकं हेच मागत होता. तो ताकाहाशीशी बोलताना ४४० च्या सक्तीवर आणि बारा समान भागांवर चिडतो. मोठ्या कंपन्या लाखो यंत्रं विकतात आणि त्या यंत्रांतून जगभरच्या कानांना एकच जागा शिकवतात, ही त्याची तक्रार आहे. आमच्या गल्लीत ही तक्रार कुणाला समजावून सांगावी लागली नसती. आणि तक्रार करून तो थांबला नाही. कोर्गच्या मोनोलॉग या छोट्या, परवडणाऱ्या सिंथेसायझरवर त्याने सल्लागार म्हणून काम केलं. २०१७ च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या त्या यंत्रात बाराही स्वर सेंटच्या हिशेबाने वर-खाली सरकवता येतात आणि असे संच साठवून ठेवता येतात. एका वेळी त्यातून एकच स्वर निघतो. पाश्चात्त्य वादकाला ती उणीव वाटेल, आपल्याला ती अडचण नाही.

भाच्याने हे यंत्र पुण्यात जुनं घेतलं आणि दिवाळीला मिरजेला आणलं. मी देवलांचे आकडे कागदावर लिहून ठेवले होते. आम्ही ते घेऊन आमच्या ओळखीच्या चाचांकडे गेलो. चाचांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे होतात. पंढरपूर भागातून भोपळे येतात, महिनोन् महिने वाळतात, मग त्यांना गळा बसतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी चाचांनी भिंतीवर चिकटवून ठेवली आहे. ते घोडी घासत बसले होते. यंत्र बघून त्यांनी कानस खाली ठेवली.

"याच्यात पट्टी कुठली?" त्यांनी विचारलं आणि भाच्याने वाजवलेल्या षड्जाला त्यांनी एक मोठा तंबोरा मिळवून घेतला. खुंट्या, मग मणी, मग दोरा. त्यातच बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. मग भाच्याने कंपनीने भरलेला गंधार वाजवला. चाचांनी मान हलवली. चौदा सेंट उतरवून परत वाजवला तेव्हा तो तंबोऱ्यातल्या गंधारात इतका मिसळला की दोन स्वर वेगळे काढता येईनात.

"हां. बसला जागेवर," चाचा म्हणाले. थोडं ऐकून पुढे म्हणाले, "पण जीव नाही त्यात. नुसता उभा आहे."

भाच्याने एक बटण फिरवून तो अगदी मंद गतीने हलता केला. जेम्सच्या जुन्या रचनांत असे हलते स्वर खूप आहेत, हे तो उत्साहाने सांगू लागला. चाचांनी हात वर केला. "हलवू नको पोरा. गवई गंधार हलवत नाही. ऋषभावरून तिथे जातो. जाताना जे होतं ते तू याच्यात घाल." भाच्याला हे लगेच समजलं. त्याने स्वर जागेवर स्थिर केला आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय चालू केली. ऋषभ, मग गंधार. चाचांनी डोळे मिटले, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांचं मत माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

मग धैवताची पाळी आली आणि खरी अडचण तिथे निघाली. देवलांच्या कोष्टकात शुद्ध धैवत दोन: षड्ज २४० असेल तर एक ४०० वर, दुसरा ४०५ वर. भाच्याच्या यंत्रात धैवताला एकाच वेळी एकच जागा. "मामा, यातला कुठला घालू?" त्याने विचारलं. माझ्याआधी चाचा बोलले.

"वाजवणार काय? भूप की देशकार?"

भाच्याला दोन्ही राग माहीत होते. सा रे ग प ध, तेच पाच स्वर. पण भूपाचा धैवत उतरा आणि देशकाराचा चढा, हे त्याने फक्त ऐकलं होतं, कधी मोजलं नव्हतं. त्याने दोन वेगळे संच केले. पहिल्यात धैवत सोळा सेंट खाली, दुसऱ्यात सहा सेंट वर. भूप चाचांना पसंत पडला. देशकार वाजवल्यावर ते म्हणाले, "अजून जरा चढव."

मी कागद पुढे केला. देवलांच्या हिशेबात तो एवढाच आहे, म्हणालो.

"असेल. देवलसाहेब देशकार गायचे का?"

भाच्याने आणखी दोन सेंट चढवले आणि तो संच साठवून ठेवला.